दीडशतायु पाकाच्या बावीस बरण्या

जालना,
५ डिसेंबर १९५४

वहिनी,

नमस्कार तुमच्या पायांना, आणि दादाच्या शिलाईमशीनलाही, कारण तो तिच्यावरून मान वर काढून माझा नमस्कार घेणार न्हाई. दसऱ्यापासून पत्र न्हाई म्हणून तुम्ही मला मेला धरलं असंल. मी जिवंत आहे, आणि आता तर फार वर्षं राहणार आहे. ते कसं, ते पुढं लिहितो.

घरून निघालो तो विडीच्या कारखान्यात बसल्तो. विड्या वळणं जमलं, बसणं जमलं न्हाई. मंग एका उंटवाल्यासंगं अंबडपर्यंत गेलो. उंटाचं एक सांगतो, तो जावयासारखा रुसतो, पण बाभळीची डहाळी दाखवली की बराबर उठतो. हे जाऊ द्या. कामाचं लिहितो.

इथं जालन्याला टेसनासमोरच्या हॉटेलात मुकुंदराव म्हणून एक गृहस्थ भेटले. कुठल्या गावचे ते बोलण्यात आलं न्हाई. रेशमी फेटा, तब्येत अशी की खुर्ची पुरंना. त्यांनी एक कंपनी काढली आहे, 'दीडशतायु आरोग्य मंडळी'. मी म्हणालो, शतायु ऐकलंय, दीडशतायु काय? तर म्हणाले, शंभराचा पाक बाजारात कोणीबी विकतो, आपण पन्नास जास्तीचे देतो. मला ते एकदम पटलं.

पाक चिनी मातीच्या बरणीत येतो. रोज सकाळी दोन चमचे गरम दुधातून घ्यायचा. पण हा दुकानात मिळत न्हाई. माणसानं माणसाला द्यायचा. तुम्ही सव्वातीन रुपये कलदार, निजामी न्हाई, भरून एक बरणी घेतली की तुम्ही आरोग्यमित्र. तुम्ही पाच जणांना घ्यायला लावली की आरोग्यसेवक. त्या पाचांनी आणखी पाच-पाच केले की तुम्ही आरोग्यभूषण, आणि कंपनीकडून एक नवी सायकल. मी विचारलं, मंग पुढं? ते म्हणाले, पुढं काय, सगळा मुलूखच निरोगी.

जाफराबादेत पहिल्या तुम्ही व्हा. एक बरणी मोटारीच्या ड्रायव्हरसंगं पाठवतो. माझी शाळा उर्दूतली, तीबी चौथीनंतर सुटली. मराठी लिहिणं मला तुम्ही शिकवलं, तव्हा या पत्रात चुका निघाल्या तर त्या मास्तरणीच्या.

तुमचा
मच्छिंद्र


जाफराबाद,
१६ डिसेंबर १९५४

चि. मच्छिंद्रभावजींस,

आशीर्वाद. घरी सगळे आहेत. नसलेले तेवढे तुम्हीच.

बरणी मिळाली. पाक चवीला चांगला आहे. तुमच्या दादांना म्हटलं, दीडशे वर्षं जगून करणार काय? ते म्हणाले, राहिलेली काजं पुरी करीन. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच बोलणं.

तुमची साखळी वाचून मी आधी द्वारकाबाईंकडे गेले. त्या तुमच्या चुलतकाकू, गल्लीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. त्या म्हणाल्या, "बरणी घेईन गं, पण तुझ्या नावाखाली माझं नाव लिहिणार? सासू खाली आन सून वर?" मी म्हटलं, बरं, तुम्ही वर, मी खाली. हे त्यांच्या थोरल्या नणंदेला, दुर्गाबाईंना कळलं. त्या ऐंशीच्या, ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू आलं. मग त्या सगळ्यांच्या वर. मग जावा आल्या, थोरली वर, धाकटी खाली. असं करता करता आठ दिवसांत बावीस बायकांची नावं झाली, आणि सगळ्यांना सांगितलं मी, तरी सगळ्यांच्या तळाशी मीच. सायकल आली तर दुर्गाबाईंना येईल.

बाविसावी अकबरबी बांगडीवाली, तिला मानपानाचं काही नाही. तिने आपली साखळी वेगळी धरली. तिचा इब्राहीम बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव पायी फिरतो, त्याच्यासाठी तिला सायकल हवी आहे. ती तेवढ्यासाठीच यात आली आहे.

भावजी, एक लिहून ठेवते. मी वऱ्हाडातली. या गल्लीत चार वर्षं मी पाहुणीच होते, बोलण्याची ढब वेगळी म्हणून बायका माझ्यासमोर जपून बोलायच्या. आत्ता कुठे मनातलं सांगू लागल्या आहेत. या बावीस जणींनी पाकाकडे पाहून पैसे दिलेले नाहीत, माझ्या तोंडाकडे पाहून दिलेत. तेवढं ध्यानात असू द्या.

उमावहिनी


जालना,
२० जानेवारी १९५५

वहिनी,

तुमची बावीस नावांची यादी मुकुंदरावांना दाखवली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, आणि म्हणाले, अशी साखळी आपण आजवर पाहिली न्हाई, तळाच्या बाईनं सगळ्या वरच्या आणल्यात. मंग म्हणाले, असू द्या, पैसे आलेत ना बराबर.

इकडं कंपनी लई जोरात आहे. संक्रांतीला मोती तलावाजवळ सभा झाली. बँड होता. मुकुंदरावांनी विचारलं, "साठीला मरायला कोण तयार आहे?" कोणी हात वर केला न्हाई. मंग विचारलं, "शंभरीला?" एका आडत्यानं केला, त्याला बायकोनं खाली बसवलं. मंग ते म्हणाले, "म्हणजे सगळे आपलेच." त्या दिवशी एकशे दहा बरण्या गेल्या. जिनिंगचे मजूर, मोसंबीवाले, टेसनातला तिकीट कलेक्टर, सगळे एकमेकांना आरोग्यमित्र म्हणून हाका मारून राह्यलेत. न्हाव्याकडं गेलो तर तो दाढी करता करता मलाच बरणी विकत होता. मी त्याला सांगितलं न्हाई की मी कोण. ऐकायला मजा वाटली.

आणि खबर अशी की मला गोदामप्रमुख केलंय. छातीला पितळी बिल्ला आहे. गोदामात जी बरणी येईल ती उघडून पाहायची, जी जाईल ती मोजायची, हे माझं काम. कोणी माझ्यावर काही सोपवलंय असं पहिल्यांदाच झालं, तव्हा दादाला सांगा.

बरण्या आता कमी पडून राह्यल्यात. म्हणून छापील पत्रक काढलंय, ते संगं पाठवतो. पाक संपला की बरणी धुऊन फेब्रुवारीअखेर परत पाठवायची. तेवढं गल्लीत वाचून दाखवा.

काल पोपटानं माझं भविष्य काढलं. पण ते पुन्हा कधी लिहीन.

गोदामप्रमुख मच्छिंद्र


जाफराबाद,
२४ फेब्रुवारी १९५५

चि. भावजींस,

पत्रक ओट्यावर वाचून दाखवलं. बावीस बरण्या धुऊन, उन्हात वाळवून, फडक्याने तोंडं बांधून एका खोक्यात परवाच मोटारीने पाठवल्या. पोचल्या असतील.

रिकाम्या पाठवल्या नाहीत. मी पत्रक वाचलं तेव्हाच द्वारकाबाई म्हणाल्या, "कोणाचं भांडं घरात आलं आन ते रिकामं परत गेलं, असं या गल्लीत कधी झालं न्हाई. कंपनीचं असलं म्हणून काय झालं?" तेव्हा ज्या घरात जे होतं ते भरलं. जवसाची चटणी, कारळाची चटणी, सांडगे, एकीने तिळाच्या वड्या. अकबरबीने लसूण घालून लाल चटणी केली आहे, ती जरा जपून खा, आमच्याकडे ती फक्त इब्राहीम खातो. तुम्ही सगळी मंडळी मिळून खा, मुकुंदरावांनाही द्या.

उमावहिनी


जालना,
६ मार्च १९५५

वहिनी,

तुमचं पत्र एक दिवस आधी आलं असतं तर अंबडला माझ्या नावानं शिमगा झाला नसता. सगळं सांगतो.

तुमचं खोकं आलं. गोदामातल्या माणसानं बरण्या उचलून पाहिल्या, भरलेल्या लागल्या. त्याला वाटलं पाकच आहे. त्यानं नवी चिठ्ठी डकवली, 'रोज सकाळी दोन चमचे गरम दुधातून', आणि अंबडच्या सभेला जाणाऱ्या गाडीत चढवल्या. गोदामातल्या माणसानं फडकं सोडून पाहायला पाहिजे होतं. पण गोदामातला माणूस म्हणजे तुम्हाला सांगायला नको.

अंबडला कोर्टासमोर सभा होती. दोनशे माणूस. तिथं नरहरराव म्हणून वकील आपले आरोग्यभूषण. बोलायला उठले की कोर्ट उठेपर्यंत थांबत न्हाईत. ते म्हणाले, "मी तुम्हाला सांगतो ते स्वतः करतो. आज तुमच्यादेखत घेतो." एक बरणी पुढं घेतली, बरणीत न पाहता दोन चमचे दुधात ढवळले, आणि अर्धा पेला एका दमात पिले. ती बरणी अकबरबीची होती.

आधी काहीच झालं न्हाई. मंग कान लाल झाले. मंग डोळ्यांतून धारा. लोकांना वाटलं, गोरगरिबांच्या आरोग्यासाठी वकीलसाहेबांना भरून आलं. टाळ्या वाजल्या. त्यांनी पाणी मागायला हात वर केला, तर लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मी पाणी घेऊन पळालो, पण मधीच हसू आलं, अर्धं सांडलं.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं बरणीत बोट घालून चाटलं आणि म्हणाला, "हा पाक दुधात कशाला वाया घालवता, भाकरीसंगं घ्या की." मंग काय, सगळ्यांनी सगळ्या बरण्या उघडल्या. एकात सांडगे, एकात तीळ. कोणी घरून भाकरी आणल्या. वहिनी, सभेपेक्षा जेवण झकास झालं. तुमच्या गल्लीची लई तारीफ झाली. एका म्हाताऱ्याचं महिन्याभराचं बंद नाक मोकळं झालं, तो अजून कंपनीला दुवा देतो.

पण नरहरराव खवळले. म्हणाले, बरण्यांत काय असतं हे कंपनीलाच ठाऊक न्हाई. त्यांनी घरची जुनी, खऱ्या पाकाची बरणी आणवली आणि बाजारातल्या गूळवाल्याला चाखायला दिली. तो जिभेवर ठेवून डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "गूळ, सुंठ, डिंक. गूळ माझ्याच दुकानचा."

गोदामातल्या माणसाला मी लई रागावलो आहे.

मच्छिंद्र


जाफराबाद,
१३ मार्च १९५५

चि. भावजींस,

वकिलांचं वाचून मी इतकी हसले की तुमच्या दादांनी मशीन थांबवलं. त्यांना वाचून दाखवलं, तेही हसले. मग म्हणाले, पुन्हा वाच.

पुन्हा वाचताना एक दिसलं. पत्रात गोदामातला माणूस चार वेळा आला आहे. गोदामप्रमुख एकदाही नाही. बरण्या आल्या त्या दिवशी तुम्ही कुठे होता?

उमावहिनी


जालना,
२ एप्रिल १९५५

वहिनी,

कंपनी गेली. अंबडची गोष्ट गूळवाल्यासकट जालन्याला आली, तशी जो तो आपली बरणी चाखून पाहू लागला. आधी लोक औषध म्हणून घ्यायचे, आता गूळ म्हणून घेतात, आणि गूळ सव्वातीन रुपयांना कोण घेईल? नवे मित्र होईनात, आणि नव्यांच्या पैशांतूनच जुन्यांची बक्षिसं निघायची, हे मला तव्हा समजलं. शेवटच्या सायकली आल्याच न्हाईत. परवा सकाळी मुकुंदराव फेटा न बांधता टेसनावर गेले. फेट्याशिवाय त्यांना कोणी ओळखलं न्हाई. गोदामाला सरकारी कुलूप आहे. माझा बिल्ला मी कुलपाला अडकवून आलो.

तुम्ही विचारलं ते सांगतो. खोकं आलं त्या दिवशी मोती तलावात एका भोयाच्या जाळ्यात बारा शेराचा मासा सापडल्ता. सगळं गाव पाहायला गेल्तं. मी बी गेल्तो. गोदामातल्या माणसाला म्हणालो, तू पाहून घे. मी मासा पाहत होतो. तो मेल्यावरबी रागीट दिसत होता. परत आलो तव्हा गाडी निघून गेल्ती. बरण्या उघडून पाहायचं काम माझं होतं, त्याचं न्हाई. मी पाहिलं असतं तर कंपनी आणखी काही महिने चालली असती, ते बरं का वाईट ते माहीत न्हाई. पण तुमच्या बायकांचं जाफराबादेतून आलेलं जेवण कोर्टासमोर हसण्यावारी गेलं, आणि इब्राहीमची सायकल गेली, हे माझ्यापायी.

मी आता जाफराबादला कोणतं तोंड घेऊन येऊ? इथं एक बाहुल्यांचा खेळ करणारा भेटलाय. तो मनमाडहून पुढं नाशिककडं चाललाय, ढोलकीला माणूस पाहिजे म्हणतो. मंगळवारी, बारा तारखेला, निघतो. बायकांना माझा रामराम सांगा.

मच्छिंद्र


जाफराबाद,
७ एप्रिल १९५५

चि. भावजींस,

इकडे सगळं बरं आहे. बायकांनी कंपनीचं ऐकलं. कोणी काही बोललं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जायचं तर जा. ढोलकी वाजवता येत नाही हे त्याला आधी सांगा.

उमावहिनी

*(कार्डाच्या कडेला, आडव्या अक्षरात)*

मच्छिंद्र, ती खरं लिहीत न्हाई. कोणी काही बोललं न्हाई म्हणजे कोणी बोलतच न्हाई. पाण्याला ती भर दुपारी जाऊन राह्यली, आडावर बायका नसताना. मला यापेक्षा जास्त लिहिता येत न्हाई. तुझा दादा भुजंग.


बदनापूर टेसन,
१२ एप्रिल १९५५

वहिनी,

दादाचं पहिलं पत्र मला आलं, तेबी तुमच्या कार्डाच्या कडेला. ते खिशात घालून मी आज गाडीत बसलो. खरं लिहितो, बसलो. बाहुलीवाला शेजारी, बाहुल्या वरच्या फळीवर. जालना सुटलं तव्हा मी खिडकीतून उलट्या बाजूला पाहत होतो.

बदनापूरला गाडी थांबली. फलाटावर एक बाई टेसनमास्तरशी भांडत होती. तिला शेळी न्यायची होती, शेळी गाभण होती. मास्तर म्हणत होता, एक तिकीट. बाई म्हणत होती, एकच दे, पण लिहून दे की वाटेत व्याली तर पिल्लांचं मागणार न्हाईस. मला दोघांचंबी पटलं. तेच सांगायला मी खाली उतरलो. मास्तरला म्हणालो, तिकिटावर 'शेळी, आत जे असेल त्यासह' असं लिहा. ते त्याला आवडलं. तो लिहायला बसला आणि त्यानं हिरवं निशाण दुसऱ्याच्या हाती दिलं, आणि गाडी गेली. माझी पण, शेळीची पण.

आजवर कधी गाडी सुटली तर मी पळत सुटायचो. आज हललो न्हाई. ती बाई म्हणाली, "तू कुठं चाल्लास रे बाबा?" मी म्हणालो, कुठं न्हाई. ती म्हणाली, "मंग घर कुठंय?" मी जाफराबाद म्हणालो, आणि म्हणताना मला असं वाटलं की ते मी खोटं बोलून राह्यलो. चार महिन्यांतून एकदा जाणाऱ्याचं ते घर कसं?

शेळीबाई संध्याकाळच्या गाडीनं जाणार. मी उलटा, जालन्याकडं निघालो. जालन्याहून मोटार मिळाली तर मोटारीनं, न्हाईतर पायी. मी येतो. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा, मी गल्लीतल्या एकेकीची माफी मागतो. एकट्यानं माझ्याच्यानं होणार न्हाई.

मच्छिंद्र


*(कुलपात खोचलेली चिठ्ठी)*

जाफराबाद,
१४ एप्रिल

भावजी,

पत्र मिळालं. मी आमच्या आखाजीला, तुमच्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी चिखलीला चालले. तुमचे दादा लग्नसराईची शिलाई घेऊन देऊळगावला बसलेत. घराची किल्ली द्वारकाबाईंकडे आहे. त्यांच्याकडे जाऊन मागा.

उमावहिनी


जाफराबाद,
२६ एप्रिल १९५५

वहिनी,

तुम्ही हे मुद्दाम केलं. मला हे कुलपापाशीच समजलं. अर्धा तास मी दारात बसून होतो. समोरून मोटार गेली, तीबी पाहिली. मंग उठलो.

द्वारकाकाकू ओसरीवर कुरडयांचा चीक घाटत होत्या. मी म्हणालो, काकू, किल्ली. त्या म्हणाल्या, "आधी जेव." मी म्हणालो, आधी मला बोलू द्या, मी चुकलो. त्या म्हणाल्या, "तू कसला चुकतोस, चुकलो आम्ही." मला वाटलं टोमणा आहे. तर त्यांनी चीक घाटायचा थांबवला आणि पदरानं डोळे पुसले. वहिनी, काकू. मी लहानपणापासून त्यांना रडवायचा प्रयत्न केला, कधी जमलं न्हाई.

मंग त्यांनी शेजारी हाक मारली, तिनं पुढं मारली, आणि घडीभरात सगळ्या ओसरीवर. दुर्गाआत्याला दोघींनी धरून आणलं. मी उभा, त्या बसलेल्या. मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं आम्हाला. जाफराबादच्या चटणीनं जालन्याची कंपनी बुडवली. तुझी पहिली नोकरी, बिल्ल्याची, आमच्यापायी गेली. उमेनं पत्रक वाचलं होतं बराबर, बरण्या नुसत्या धुऊन पाठवा म्हणून. आम्हीच ऐकलं न्हाई. तव्हापासून ती आडावर दुपारी येऊन राह्यली, आमच्या वाऱ्याला उभी राहत न्हाई. राहील कशी? दिराचं वाटोळं केलं आम्ही."

मी म्हणालो, ती तुमच्यावर रागावली न्हाई, तिला वाटतं तुम्ही तिच्यावर रागावल्या, तिच्या तोंडाकडं पाहून पैसे गेले म्हणून. त्या एकमेकींकडं पाहू लागल्या. एकीनं विचारलं, "कुठले पैसे? पाक तर खाल्ला की आम्ही. पोरं अजून मागून राह्यलीत." दुर्गाआत्याला कानात ओरडून सांगितलं, तर ती म्हणाली, "मला सायकल नगंच होती. मी बसणार कशी?"

मंग मी माशाचं सांगितलं. सगळं, खोकं आलं तव्हा मी कुठं होतो ते. अकबरबी मागं भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "कितना था रे मासा?" मी म्हणालो, बारा शेर. ती थोडा विचार करून म्हणाली, "बारा सेर. फिर तो देखना हीच था." मंग ज्या हसल्या, वहिनी, तुम्ही पाहिजे होत्या. मीबी त्यांच्यात खाली बसलो.

पण हसून सगळं झालं असं न्हाई. सगळ्या गेल्यावर अकबरबी राह्यली. तिला पाकाचं नव्हतं, सायकलीचं होतं. ती हळूच म्हणाली, "इब्राहीम के पाँव सूज जाते, बाबा. मैं समझी थी उनाळे के पहले आ जाती." आता सायकल मी कुठून आणू? मी म्हणालो, आठवड्यातले तीन बाजार माझे. तव्हापासून पेटी मी नेतो, तो घरी पाय वर करून बसतो आणि मला कोणत्या गावात कोणाचं माप काय ते सांगतो. मला एका गावात बायका म्हणाल्या, हा बांगडीवाला लई बोलतो, पण चुडा हलक्या हातानं चढवतो. फिरायचं काम आहे, आणि संध्याकाळी परत यायचं असतं. असं काम असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीच्या एकवीस घरांना मी सांगितलं, एकेक दिवस राबून देतो. तव्हा शेवया वळतो, दळण दळतो, कुरडया वाळत घातल्या की काठी घेऊन कावळे हाकतो. माझ्यासारखा कावळे हाकणारा गल्लीत झाला न्हाई, कारण मी त्यांच्याशी बोलतो. पण एक घोळ झालाय. मी भरपाई म्हणून काम करून राह्यलो, आणि त्या भरपाई म्हणून मला जेवू घालून राह्यल्या. ज्या घरी काम करतो तिथं असा जेवतो की दुसऱ्या दिवशी मला वाटतं, आता आपलंच देणं झालं, म्हणून पुन्हा जातो. त्यांना वाटतं, हा फुकट राबला, म्हणून पुन्हा वाढतात. काल काकू म्हणाल्या, "तुझं आन आमचं हे मिटंल कधी रे?" मी म्हणालो, वहिनीला विचारतो.

मोटार रोज दारावरून जाते. कोण उतरलं तेवढं मी पाहतो.

बायका विचारून राह्यल्या, उमा कधी येणार. काय सांगू?

मच्छिंद्र


चिखली,
२ मे १९५५

चि. मच्छिंद्रभावजींस,

पत्र आखाजीच्या झोक्यावर बसून वाचलं. झोका अजून उतरवलेला नाही. दोनदा वाचलं, मग आईने विचारलं, कोणाचं गं? मी म्हटलं, सासरचं. ती म्हणाली, एवढ्या वेळा वाचतात का सासरचं पत्र?

मी गुरुवारच्या मोटारीने येते. द्वारकाबाईंना सांगा, चीक ठेवा, घाटायला मी आहे. अकबरबीला सांगा, माझ्यासाठी हिरव्या, सव्वादोनच्या मापाच्या, आणि त्या तिने स्वतः भरायच्या, लई बोलणाऱ्याने नाही.

तुम्ही विचारलंत, तुमचं आणि त्यांचं हे मिटणार कधी. मला हिशेब येत नाही, पण एवढं सांगते. मी येईपर्यंत, आणि आल्यावरही, कोणी कितीही विचारलं तरी फिटलं असं कबूल करू नका. तुम्ही नाही, आणि त्यांनाही करू देऊ नका.

उमावहिनी